घर किती दिवस थांबू शकते? रामटेक तालुक्यातील एका गोंड तरुणीच्या नोकरीशोधाचा प्रकरण अभ्यास

नागपुरात आदिवासी तरुणांना नोकरीविषयक मार्गदर्शन करणाऱ्या आमच्या छोट्या गटाकडे जानेवारी २०२४ मध्ये २२ वर्षांची एक तरुणी आली. ती गोंड समाजाची, रामटेक तालुक्यातील देवलापार परिसरातल्या एका लहान गावची. बारावीनंतर तिने शासकीय आयटीआयमधून इलेक्ट्रिशियनचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम पूर्ण केला होता, आणि २०२२ च्या सुरुवातीपासून ती नागपुरात दोन मैत्रिणींसोबत खोली घेऊन, एका अभ्यासिकेत बसून, भरतीची तयारी करत होती. पुढची वनरक्षक भरती केव्हा निघेल आणि तोपर्यंत कोणता क्लास लावावा, एवढेच तिला विचारायचे होते. तिच्या संमतीने हे प्रकरण येथे मांडत आहे. ओळख उघड होऊ नये म्हणून तिचे आणि गावाचे नाव वगळले आहे.

तिचा प्रश्न आमच्या ओळखीचा होता. आमच्याकडे येणाऱ्या दहांपैकी सात-आठ जण वनरक्षक, पोलीस, तलाठी किंवा ग्रामसेवक यांपैकीच एखादे पद सांगतात, आणि त्यामागे कल्पनेचा अभाव आहे असे समजणे चूक ठरेल. पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या कडेला वाढलेल्या मुलीने लहानपणापासून पगारी, गणवेशधारी आणि गावात मान असलेला जो माणूस पाहिला तो वनरक्षक होता. तिच्या घरात महिन्याच्या महिन्याला ठरलेला पगार आजवर कोणीही आणलेला नाही. जंगल तिला माहीत आहे, पायी चालण्याची तिला सवय आहे, आणि अनुसूचित जमातीच्या महिला उमेदवारांसाठी असलेली १४५ सेंटिमीटर उंचीची अट ती सहज पूर्ण करते. तिची निवड विचारपूर्वक केलेली होती. त्या निवडीपर्यंत पोहोचायला लागणारा काळ तिचे घर सोसू शकेल का, हे मात्र तोवर तिला कोणी विचारले नव्हते, आणि पहिल्या भेटीत आम्हीही विचारले नाही. ही चूक पुढे आम्हाला महागात पडली.

तिचे गाव कोणत्या यादीत बसते

पहिल्या भेटीतच लक्षात आले की ती ‘पेसा’च्या, म्हणजे अनुसूचित क्षेत्रांतील ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या कायद्याखालच्या भागातील, जागांवर विसंबून होती. तिच्या अभ्यासिकेतील गडचिरोली आणि यवतमाळच्या मुलींकडून तिने ऐकले होते की आदिवासी भागातील उमेदवारांसाठी वेगळ्या जागा असतात. ते खरेच आहे. राज्यपालांच्या ९ जून २०१४ च्या अधिसूचनेने आणि तिच्या पुढील सुधारणांनी तलाठी, ग्रामसेवक, वनरक्षक, शिक्षक, परिचारिका अशा १७ संवर्गांतील पदे अनुसूचित क्षेत्रात स्थानिक अनुसूचित जमातीच्या उमेदवारांमधून भरण्याची तरतूद केली. परंतु संविधानाच्या पाचव्या अनुसूचीखालील अनुसूचित क्षेत्र महाराष्ट्रात १३ जिल्ह्यांत आहे आणि नागपूर जिल्हा त्यांत नाही. विदर्भातील गडचिरोली, चंद्रपूर, यवतमाळ आणि अमरावती हे जिल्हे त्यांत आहेत. देवलापारच्या आसपास सलग गोंड वस्तीची गावे असली, तरी तेथील मुलीला या अधिसूचनेचा काडीचाही लाभ नाही. त्याचप्रमाणे गडचिरोली, चंद्रपूर, यवतमाळ यांसह आठ जिल्ह्यांत जिल्हास्तरीय गट क आणि गट ड च्या पदांसाठी अनुसूचित जमातींना राज्याच्या ७ टक्क्यांहून बरेच अधिक आरक्षण असते. नागपूर त्याही यादीत नाही.

हे ऐकून ती बराच वेळ गप्प बसली. दोन वर्षे तिने जी वाट धरून ठेवली होती ती तिच्या गावावरून जातच नव्हती, हे तिला कोणत्याही क्लासमध्ये सांगितले गेले नव्हते. माझ्या मते हा अडाणीपणा तिचा नव्हे, मार्गदर्शन करणाऱ्यांचा आहे. ‘आदिवासी उमेदवार’ असा एकच साचा डोळ्यांपुढे ठेवून सल्ला देणाऱ्याला भामरागडची माडिया मुलगी, मेळघाटातला कोरकू मुलगा आणि देवलापारची गोंड मुलगी सारखीच दिसतात. प्रत्यक्षात त्यांच्यापुढच्या जागा, अटी आणि कागद वेगवेगळे असतात.

याला जुना इतिहासही आहे. १९७६ चा दुरुस्ती अधिनियम लागू होईपर्यंत विदर्भात गोंडांना अनुसूचित जमात म्हणून मिळणारी मान्यता मेळघाट, गडचिरोली, सिरोंचा, केळापूर, वणी, यवतमाळ अशा ठरावीक तालुक्यांपुरती होती. नागपूर जिल्ह्यातील गोंड त्या क्षेत्रबंधनाच्या बाहेर राहिले. ज्या शहराची स्थापना १७०२ मध्ये गोंड राजा बख्त बुलंद शाह याने केली असे आपण अभिमानाने सांगतो, त्याच शहराच्या जिल्ह्यातील गोंड कुटुंबांच्या सवलती इतर अनेक भागांपेक्षा २५ हून अधिक वर्षे उशिरा सुरू झाल्या. या तरुणीच्या आजोबांना त्या मिळाल्याच नाहीत. घरात नोकरदाराची एक पिढी नसण्याचे हेही एक कारण आहे.

बावीस महिन्यांचा हिशेब

दुसऱ्या भेटीत आम्ही तिच्यासोबत कागदावर हिशेब मांडला. खोलीचा वाटा १,६०० रुपये, मेस २,५०० रुपये, अभ्यासिका ७०० रुपये, आणि फॉर्म, झेरॉक्स, गावी जाणे-येणे मिळून सुमारे १,००० रुपये, असा महिन्याचा खर्च ५,८०० रुपये होत होता. २२ महिन्यांचे १,२७,६०० रुपये झाले. तिच्या घरी तीन एकर कोरडवाहू धानाची शेती आहे. वडील पर्यटन हंगामात एका रिसॉर्टवर बागकाम करतात. आई बचत गटात आहे. धाकटा भाऊ तेव्हा अकरावी विज्ञान शाखेत होता. घरी आजीही आहे. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले, मे महिन्यात तेंदूपत्ता, जुलैत रोवणी, दिवाळीच्या पुढेमागे कापणी, असे त्या घराचे वर्ष चालते. व्याघ्र प्रकल्पाचा गाभा पावसाळ्यात तीन महिने पर्यटनासाठी बंद असतो, त्यामुळे वडिलांची रोख मजुरी नेमकी तेव्हाच थांबते जेव्हा रोवणीचा खर्च उभा राहतो. या सव्वा लाखापैकी ४० हजार रुपये आईने बचत गटातून कर्ज म्हणून काढले होते आणि २०२२ च्या हंगामानंतर बैलजोडी विकली गेली होती. त्यानंतर नांगरणी भाड्याच्या ट्रॅक्टरने होते. बैलजोडीची गोष्ट तिने सर्वांत शेवटी आणि खाली मान घालून सांगितली.

शिक्षण सुरू असताना अशा मुलींसाठी काही आधार असतो. वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जमातीच्या विद्यार्थ्यांना पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम योजनेतून नागपूरसारख्या शहरात वर्षाला ६० हजार रुपयांपर्यंत निर्वाह रक्कम मिळू शकते. पण ती नियमित अभ्यासक्रमात प्रवेश घेतलेल्यांसाठी आहे. शिक्षण संपून नोकरी न लागलेल्या मधल्या काळातील तरुणाला ‘विद्यार्थी’ म्हणता येत नाही आणि ‘कामगार’ही म्हणता येत नाही. याच काळात घराची शिल्लक संपते.

आता दुसरी बाजू. २०२३ मध्ये वनविभागाने राज्यभरात वनरक्षकांची २,१३८ पदे जाहीर केली. त्याच वर्षी तलाठ्यांच्या ४,६४४ पदांसाठी १० लाखांहून अधिक अर्ज आले आणि राखीव प्रवर्गातील उमेदवारालाही एका अर्जामागे ९०० रुपये मोजावे लागले. तलाठी भरतीतील पेसा क्षेत्राच्या नियुक्त्या पुढे न्यायप्रविष्ट बाबीमुळे रखडल्या, म्हणजे ज्यांना तो लाभ होता त्यांनाही वाट पाहावी लागली. तिने त्या वर्षी दोन्ही परीक्षा दिल्या होत्या आणि दोन्ही तिला कठीण गेल्या होत्या. राज्य सेवेतील अनेक पदांसाठी राखीव प्रवर्गाची वयोमर्यादा ४३ आहे. ही सवलत न्याय्य आहेच, पण तिची एक बाजू क्वचित बोलली जाते. दार ४३ व्या वर्षापर्यंत उघडे आहे असे दिसले की मूल आणि घर दोघेही थांबत राहतात, आणि मधल्या दहा वर्षांत शिकलेला व्यवसाय हातून निसटून जातो.

शिवाय सरकारी कामाचे स्वरूपही बदलत आहे. ६ सप्टेंबर २०२३ च्या शासन निर्णयाने बाह्य यंत्रणांमार्फत कंत्राटी मनुष्यबळ घेण्याची व्यवस्था आखली गेली. तीव्र विरोधानंतर ऑक्टोबरमध्ये तो निर्णय मागे घेण्यात आला, परंतु सफाई, सुरक्षा, वाहनचालक, डेटा एंट्री, वीज दुरुस्ती अशा कामांत ठेकेदारामार्फत नेमणुकीची पद्धत त्याआधीपासून रुळलेली आहे. ठेकेदार नेमतो तेव्हा बिंदुनामावली, म्हणजे कोणती जागा कोणत्या प्रवर्गाची हे ठरवणारी यादी, पाहिली जात नाही, ओळख पाहिली जाते. देवलापारच्या मुलीची नागपुरात ओळख नसते.

खासगी क्षेत्राचे चित्र मिश्र आहे. नागपूर विमानतळालगतच्या मिहान प्रकल्पात माहिती तंत्रज्ञानाच्या आणि विमान देखभालीच्या कंपन्या आल्या, बुटीबोरी, हिंगणा आणि कळमेश्वर या औद्योगिक वसाहतींत कारखाने आहेत, कोराडी आणि खापरखेडा येथे औष्णिक वीज केंद्रे आहेत, वेस्टर्न कोलफिल्ड्स (कोळसा) आणि मॉईल (मँगनीज) या सार्वजनिक खाण कंपन्यांची मुख्यालये नागपुरातच आहेत. डिसेंबर २०२२ मध्ये समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा सुरू झाल्यापासून गोदामे आणि वाहतुकीच्या कामांविषयी विचारणा वाढली. फेब्रुवारी २०२४ मध्ये पंतप्रधान सूर्यघर योजना आली, तीन किलोवॅटच्या संचाला ७८ हजार रुपये अनुदान मिळू लागले आणि नागपुरात छतावर सौर संच बसवणाऱ्यांना इलेक्ट्रिशियनची गरज भासू लागली. यांतील बहुतेक कामे तिच्या आयटीआयच्या शिक्षणाशी थेट जुळणारी होती. मात्र तिचा अभ्यासक्रम २०१९ ते २०२१ या काळातला, म्हणजे करोनाच्या टाळेबंदीत सापडलेला होता. प्रात्यक्षिकांचे तास कितीतरी कमी झाले होते. ‘मोटर वाइंडिंग मी वहीत काढलं आहे, हातानं एकदाही केलं नाही, ताई,’ असे तिने मला सांगितले. प्रमाणपत्र हाती होते, पण कौशल्यावर तिचा स्वतःचाच विश्वास नव्हता. वनरक्षकाच्या परीक्षेकडे वळण्यामागे हेही एक कारण होते, जे तिच्या पहिल्या प्रश्नात कुठेही दिसले नव्हते.

आमचा चुकलेला सल्ला

हिशेब मांडून झाल्यावर आम्ही तिला लगेच कमाई सुरू करण्याचा सल्ला दिला आणि मार्च २०२४ मध्ये ओळखीतून बुटीबोरीतील एका कारखान्यात शिकाऊ म्हणून जागा मिळवून दिली. कागदावर सल्ला बिनचूक दिसत होता. घरावरचा भार कमी होणार होता, हाताला काम मिळणार होते. ती २३ दिवसांत परतली.

कारण समजून घ्यायला आम्हाला तीन भेटी लागल्या, कारण ती स्वतःलाच दोष देत होती. तिची खोली शहराच्या दुसऱ्या टोकाला होती, कारखाना ३० किलोमीटरवर. दुसऱ्या पाळीतून सुटल्यावर कंपनीची बस मुख्य चौकापर्यंतच येत असे आणि तेथून रात्री साडेअकराला ऑटोचे दीडशे रुपये जात. कारखान्याजवळ खोली घ्यायची तर अनामत रक्कम हवी होती. आदिवासी मुलींच्या वसतिगृहात ती राहू शकत नव्हती, कारण ती विद्यार्थिनी नव्हती. पहिल्या महिन्याचे विद्यावेतन दीड महिन्यानंतर मिळेल असे सांगण्यात आले. आणि प्रशिक्षण म्हणून तिला दिलेले काम पॅकिंगचे होते. विद्युत विभागात मुलगी नको, असे तेथील पर्यवेक्षकाने स्पष्ट शब्दांत सांगितले होते.

आम्ही कमाई मोजली होती, कमाई हातात पडेपर्यंतचे दिवस मोजले नव्हते. घराची थांबण्याची ताकद दोन वर्षांच्या हिशेबात आम्हाला दिसली, पण तीच ताकद पहिल्या ४५ दिवसांसाठीही तपासावी लागते हे सुचले नाही. तेव्हापासून आमच्या नोंदपत्रकातला पहिला प्रश्न ‘काय व्हायचे आहे’ हा राहिलेला नाही. पहिला पैसा येईपर्यंत कोण, किती दिवस आणि कशाच्या बळावर थांबू शकेल, हे आम्ही आधी लिहून घेतो. आवड आणि कल तपासणाऱ्या छापील चाचण्या त्यानंतर येतात. ज्या मुलीने कधी प्रयोगशाळा किंवा जाहिरात कंपनी पाहिली नाही तिला त्या कामांपुढे खूण करायला सांगून निघणारे उत्तर मला तरी फारसे उपयोगाचे वाटत नाही.

जून २०२४ मध्ये ती पुन्हा आमच्याकडे आली, तेही आम्ही दोनदा गावी फोन केल्यानंतर. या वेळी पर्याय शोधताना तिचे वडील आणि भाऊ सोबत होते. रेल्वे, वीज कंपन्या आणि खाण कंपन्या यांच्या शिकाऊ जागांची तुलना करताना असे दिसले की त्यांतील अनेक ठिकाणी निवड दहावीच्या आणि आयटीआयच्या गुणांवर होते, वेगळी परीक्षा नसते आणि अनुसूचित जमातीचे आरक्षण लागू असते. रेल्वेत शिकाऊ प्रशिक्षण पूर्ण केलेल्यांसाठी पुढे ‘लेव्हल १’च्या, म्हणजे सर्वांत खालच्या वेतनस्तराच्या, भरतीत २० टक्के जागा राखून ठेवलेल्या असतात. वीज वितरण कंपनीच्या विद्युत सहायक पदासाठीही तिचाच ट्रेड लागतो. नुकत्याच निघालेल्या जाहिरातीत अशी ५,३४७ पदे होती. म्हणजे सरकारी नोकरीची तिची इच्छा सोडून देण्याची गरजच नव्हती. वनरक्षकाच्या एकाच दारापुढे उभे राहण्याऐवजी तिच्या हातातील व्यवसायाने उघडणाऱ्या दारांकडे वळायचे होते.

जुलै २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना जाहीर झाली आणि प्रश्न थोडा अवघड झाला. त्या योजनेत आयटीआय झालेल्यांना सहा महिन्यांसाठी महिना ८ हजार रुपये होते. शिकाऊ अधिनियमाखाली तिला महिना ७ हजारांच्या आसपास मिळणार होते, पण एक वर्ष, आणि शेवटी राष्ट्रीय शिकाऊ प्रमाणपत्र. वडिलांचा कल पहिल्या पर्यायाकडे होता आणि त्यांचे म्हणणे बाजूला सारण्यासारखे नव्हते, कारण बचत गटाचा हप्ता तेच भरत होते. ते म्हणाले, ‘हजार रुपये जास्त भेटते तर सहा महिने करू द्या जी, मंग पाहू.’ आम्ही त्यांच्यापुढे दोन्ही पर्यायांचे बारा महिन्यांचे आकडे ठेवले. सहा महिन्यांचे ४८ हजार आणि त्यानंतर पुन्हा शोध, किंवा वर्षाचे ८४ हजार आणि ट्रेडचे प्रमाणपत्र. निर्णय त्यांच्यावर सोडला. चार दिवसांनी भावाचा फोन आला की ताई शिकाऊ म्हणून जाणार आहे.

सप्टेंबर २०२४ मध्ये ती एका सार्वजनिक उपक्रमाच्या वीज विभागात शिकाऊ म्हणून रुजू झाली. या वेळी जागा निवडताना पाळी, बसमार्ग आणि खोलीचे अंतर आधी पाहिले. पहिल्या दोन महिन्यांसाठी आमच्या गटाने तिला १० हजार रुपये बिनव्याजी दिले. ते तिने मार्चपर्यंत फेडले. आज ती मोटर उघडून जळालेले वाइंडिंग ओळखते, आणि एका सौर संच बसवणाऱ्याकडे काही रविवारी रोजाने जाते.

कागद

या प्रकरणातील सर्वांत जास्त वेळ खाणारा भाग अजून सांगायचा आहे. तिच्याकडे जातीचे प्रमाणपत्र होते, पण तो दावा तपासून समिती देते ते वैधता प्रमाणपत्र (व्हॅलिडिटी) नव्हते. अनुसूचित जमातीच्या राखीव जागेवर निवड झाली तरी व्हॅलिडिटी नसेल तर नोकरी टिकत नाही. बनावट दाखल्यांवर खऱ्या आदिवासींच्या जागा बळकावल्या गेल्याचा इतिहास नागपूरला चांगलाच ठाऊक आहे, आणि १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पडताळणीची कार्यपद्धती घालून दिली तसेच राज्याने २००१ चा कायदा केला तो याच कारणाने. पडताळणी हवीच. पण ती ज्यांच्या रक्षणासाठी आहे त्यांच्यावरच तिचा भार सर्वाधिक पडतो, कारण ज्या घरात शाळा पोहोचली नाही त्या घरात कागदही पोहोचत नाही.

व्हॅलिडिटीचा अर्ज सहसा शिक्षणसंस्थेमार्फत किंवा निवड झाल्यावर नियुक्ती करणाऱ्या कार्यालयामार्फत जातो. ही तरुणी तेव्हा दोन्हींत बसत नव्हती. भाऊ मात्र बारावी विज्ञानात गेला होता आणि महाविद्यालयातून त्याचा अर्ज जाऊ शकत होता. वडिलांकडच्या रक्तनात्यातील एकाला वैधता मिळाली की ती इतरांच्या प्रकरणात महत्त्वाचा पुरावा ठरते. म्हणून आम्ही तिच्या नोकरीचे काम भावाच्या अर्जापासून सुरू केले. पुष्कळ मार्गदर्शक समोर बसलेल्या एकट्या उमेदवाराकडेच पाहतात. मला वाटते, आदिवासी कुटुंबाच्या बाबतीत वंशावळ मांडल्याशिवाय करिअरचा आराखडा मांडूच नये.

अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा पुरावा निर्णायक मानला जातो. वडिलांच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर ‘गोंड’ होते, आत्याच्या दाखल्यावर ‘राजगोंड’. दोन्ही नावे महाराष्ट्राच्या यादीत १८ व्या क्रमांकाच्या एकाच नोंदीत येतात, हे आत्याला ठाऊक नसल्यामुळे तिने तो दाखला कित्येक वर्षे लपवून ठेवला होता. आजोबा शाळेत गेलेच नव्हते. शेवटी अभिलेख कक्षात जुनी कोतवाल बुके, म्हणजे गावातील जन्ममृत्यूच्या नोंदवह्या, चाळावी लागली. त्यांत जन्माच्या नोंदीत बहुधा बाळाचे नाव नसते. बापाचे नाव, जात आणि मुलगा की मुलगी एवढेच असते. पणजोबांचे नाव गावात ज्या लाडक्या रूपाने घेतले जात असे त्याच रूपाने ते नोंदीत होते, आणि ते रूप फक्त आजीला आठवत होते. १९३० च्या दशकातील त्या नोंदीची नक्कल मिळेपर्यंत वडिलांच्या रामटेकला सात फेऱ्या झाल्या. प्रत्येक फेरीत एक दिवसाची मजुरी बुडाली. नकलेची फी नाममात्र होती, खरी किंमत त्या सात दिवसांची.

फाइल जमात प्रमाणपत्र तपासणी समितीकडे गेल्यावर दक्षता पथकाची गृहचौकशी झाली. देव किती, गोत्र कोणते, लग्नात कोणते विधी, मृत्यूनंतर काय करतात, असे प्रश्न विचारले गेले. वडिलांनी सात देवांची नावे सांगितली, भाऊ अडखळला. तो आश्रमशाळेत आणि नंतर वसतिगृहात वाढलेला मुलगा आहे, घरातल्या पूजांना तो वर्षातून एकदोनदाच असतो. त्या रात्री त्याने ताईला फोन करून विचारले की आपण खरे गोंड नाही असे ते ठरवतील का. २४ मार्च २०२३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे की आप्तभाव चाचणी, म्हणजे रूढी-परंपरांवरून जमातीशी नाते तपासणे, ही जमातीचा दावा ठरवणारी एकमेव कसोटी नाही. जुनी नोंद भक्कम असल्यास तिला मोठे वजन आहे. हे आम्ही त्याला समजावून सांगितले. पण १७ वर्षांच्या मुलाला स्वतःच्या घराविषयी असा प्रश्न पडावा, याचे मला आजही वाईट वाटते.

सध्याची स्थिती

तिच्या शिकाऊ प्रशिक्षणाचे दोन महिने उरले आहेत. सौर संच बसवणाऱ्याने पूर्ण वेळ कामाची तयारी दाखवली आहे, मात्र भविष्य निर्वाह निधी आणि उंचीवरच्या कामासाठी विमा यांविषयी त्याने अजून लेखी काही दिलेले नाही, आणि ते मिळाल्याशिवाय होकार देऊ नये असे आम्ही तिला सांगितले आहे. नागपुरात अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांसाठी केंद्र सरकारचे राष्ट्रीय करिअर सेवा केंद्र आहे. तेथे तिची नोंदणी झाली आहे. पुढील विद्युत सहायक आणि रेल्वे भरतीसाठी ती रोज संध्याकाळी दीड तास अभ्यास करते. वनरक्षकाचा फॉर्म निघाला तर तोही ती भरणार आहे. बचत गटाचे कर्ज ४० हजारांवरून १४ हजारांवर आले आहे. बैल अजून घेतलेले नाहीत.

गेल्या आठवड्यात भावाच्या प्रकरणी सुनावणीचे पत्र आले. तारीख जुलैच्या तिसऱ्या आठवड्यातली, म्हणजे गावात रोवणी ऐन जोरात असतानाची आहे. वडिलांचा फोन आला तेव्हा मागून पावसाचा आवाज येत होता. ‘बांधीत पाणी भरलं आहे, पऱ्हे तयार आहे. एक दिवसाचं काम नाही ना जी, जाणं-येणं धरून दोन दिवस जाते,’ असे ते म्हणाले. गैरहजर राहिल्यास फाइल मागे पडते, आणि हजर राहिल्यास मजूर दुसऱ्याच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, निघून जातात. आम्ही दोन गोष्टी एकाच वेळी केल्या. पंधरा दिवसांनंतरची तारीख मिळावी असा वडिलांच्या सहीचा अर्ज भावाच्या हाती गिरीपेठेतील आदिवासी विकास भवनात पोहोचवला. आणि तारीख बदलून मिळाली नाही तर त्या दोन दिवसांसाठी तिने आपल्या विभागात रजेचा अर्ज देऊन ठेवला आहे, म्हणजे वडील नागपूरला येतील आणि त्यांच्या जागी ती बांधीत उतरेल.